अमेरिकन दिवसाच्या मालिका : स्मृतीचा ऱ्हास आणि सर्जनशीलतेचे साचलेपण

प्रस्तावना

जनसंज्ञापनाच्या अभ्यासात दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांचा विषय निघाला, की चर्चा बहुधा दोन वाक्यांत आटोपते. कथानक पुढे सरकत नाही, हे पहिले वाक्य. आणि प्रेक्षकांनाच तसे हवे असते, हे दुसरे. प्रस्तुत लेखात या दोन्ही विधानांची तपासणी अमेरिकेत दिवसा प्रसारित होणाऱ्या मालिकांच्या, म्हणजेच 'सोप ऑपेरा' या प्रकाराच्या आधारे करावयाची आहे. हा प्रकार निवडण्याचे कारण असे, की त्याचा आरंभ, उत्कर्ष आणि क्षय असा बराचसा जीवनपट अभ्यासकासमोर उलगडलेला आहे. भारतीय प्रेक्षकालाही तो सर्वस्वी अपरिचित नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी उपग्रह वाहिन्या आल्या, तेव्हा 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' या मालिका स्टार प्लसवरून आपल्याकडील शहरी घरांत पोहोचल्या. पुढे काही वर्षांतच दूरदर्शनवरील 'शांती' व 'स्वाभिमान' आणि सह्याद्री वाहिनीवरील 'दामिनी' या मालिकांनी दुपारच्या दैनंदिन भागाची सवय येथील गृहिणींना लावली.

संथपणा आणि साचलेपण

संथपणा आणि साचलेपण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. इर्ना फिलिप्स यांनी १९३० साली शिकागो येथील नभोवाणी केंद्रासाठी 'पेंटेड ड्रीम्स' लिहिली. १९३७ साली नभोवाणीवर सुरू झालेली त्यांची 'द गायडिंग लाइट' १९५२ साली दूरचित्रवाणीवर आली. साबणाचे उत्पादक हे या कार्यक्रमांचे केवळ जाहिरातदार नव्हते. प्रॉक्टर अँड गँबल ही कंपनी स्वतःच अनेक मालिकांची मालक होती. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे लक्ष दररोज ठरावीक वेळी आपल्याकडे वळवून घेणे, हा या व्यवहाराचा पाया होता. १९५६ साली 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' ही मालिका प्रचलित १५ मिनिटांऐवजी पहिल्या भागापासूनच ३० मिनिटांची म्हणून सुरू झाली, तेव्हा फिलिप्स यांनी वाढलेला वेळ घटना वाढविण्यासाठी वापरला नाही. तो त्यांनी घरातील माणसांच्या बोलण्याला दिला. एखादी बातमी आईला कळते, मग आजोबांना, मग शेजारणीला. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ती वेगळी उमटते.

बाहेरच्या माणसाला हे पाल्हाळ वाटते. रॉबर्ट अ‍ॅलन यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासग्रंथात या आक्षेपाचे मार्मिक उत्तर दिले आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा, की एकच वार्ता पुन्हा पुन्हा सांगितली जाते तेव्हा कथानकात भर पडत नसली, तरी पात्रांच्या परस्परसंबंधांचे जाळे प्रकट होत असते, आणि ते नेमके दिसण्यासाठी प्रेक्षकाजवळ त्या पात्रांचा पूर्वेतिहास असावा लागतो. त्यापूर्वी १९८२ साली टानिया मॉडलेस्की यांनी या मालिकांचे खंडित, शेवट सतत लांबविणारे कथन गृहिणीच्या सतत खंडित होणाऱ्या कामाशी कसे जुळते, हे दाखविले होते. या दोन्ही अभ्यासकांचे ऋण मान्य करून असे म्हणता येईल, की सोप ऑपेराचे खरे भांडवल म्हणजे प्रेक्षकाची स्मृती होय. कादंबरीला किंवा चित्रपटाला जे सहसा साधत नाही ते येथे घडते : पात्र आणि वाचक, येथे प्रेक्षक, एकाच वेगाने म्हातारे होतात. हेलन वॅग्नर यांनी 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' मधील नॅन्सी ह्यूज १९५६ साली उभी केली आणि २०१० साली आपल्या मृत्यूपर्यंत, मधले काही खंड वगळता, ती साकारली.

म्हणून साचलेपणाची कसोटी कथानकाच्या वेगावरून ठरविता येत नाही. मालिका आपल्या स्मृतीचे काय करते, यावरून ती ठरवावी लागते.

बदल कोठून आला

हा प्रकार जन्मतःच बदलाला विरोध करणारा होता, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. अ‍ॅग्नेस निक्सन यांनी १९६२ साली 'द गायडिंग लाइट' मध्ये बर्ट बाउअर या गृहिणीच्या गर्भाशयाच्या कर्करोगाचे कथानक आणले. वाहिनी आणि प्रायोजक यांनी परवानगी दिली, परंतु 'कर्करोग' आणि 'गर्भाशय' हे शब्द उच्चारायचे नाहीत, या अटीवर! रोगाचे नावही न घेता स्त्रियांना तपासणी करून घेण्यास सांगणारे हे लेखन कौशल्याचे होते, आणि ते एका परिचित, वर्षानुवर्षे घरात येणाऱ्या बाईच्या तोंडून झाले म्हणूनच परिणामकारक ठरले. पुढे १९६८ साली निक्सन यांनी 'वन लाइफ टू लिव्ह' सुरू केली. तीत कार्ला हे पात्र प्रथम गौरवर्णीय म्हणून प्रेक्षकांसमोर आले आणि काही महिन्यांनी ती कृष्णवर्णीय असल्याचे उघड झाले. प्रेक्षकाच्या मनात तिच्याविषयी जो स्नेह निर्माण झाला होता, तो परत घेणे आता त्याला अवघड होते.

१९९५ सालचे 'जनरल हॉस्पिटल' मधील कथानक याच परंपरेतील होय. मुख्य लेखिका क्लेअर लबाइन यांनी एड्सने मरण पावणारा तरुण स्टोन आणि एचआयव्हीची लागण झालेली त्याची प्रेयसी रॉबिन यांची कथा मांडली. रॉबिन ही नव्याने आणलेली पाहुणी नव्हती. ती १९८५ पासून, लहान मुलगी असल्यापासून, त्याच अभिनेत्रीच्या रूपात प्रेक्षकांसमोर वाढली होती. रोग 'दुसऱ्यांना' होतो, ही प्रेक्षकाची सोयीस्कर समजूत दहा वर्षांच्या ओळखीने मोडून काढली. लेखिकेचे धाडस येथे आहेच, तथापि त्या धाडसाला बळ दिले ते मालिकेच्या दीर्घत्वाने.

यशाचा साचा

असे असताना साचलेपण आले कोठून? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे एक मूळ अपयशात नसून एका प्रचंड यशात आहे. १९७८ साली ग्लोरिया माँटी यांनी बंद पडण्याच्या बेतात असलेली 'जनरल हॉस्पिटल' ही मालिका हाती घेतली आणि तिचा वेग वाढविला. ल्यूक आणि लॉरा या जोडीचे साहस, हवामान बदलणारे यंत्र हाती असलेला खलनायक, आणि अखेर नोव्हेंबर १९८१ मधील त्यांचा विवाह, जो सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिला. माँटी यांचा प्रयोग त्या क्षणी खरोखरच नवा होता. त्यानंतर मात्र प्रत्येक वाहिनीला आपली अशी एक जोडी हवी झाली. अपहरण, बेट, खोटा मृत्यू, पुनर्मीलन असा क्रम ठरून गेला. कालचे नावीन्य आजचा दंडक झाले, आणि एकदा दंडक झाल्यावर त्याला हात लावणे म्हणजे प्रेक्षकसंख्या धोक्यात घालणे, असे समीकरण रूढ झाले.

या यशाने एक गोष्ट झाकली होती. १९७९ साली ल्यूकने लॉरावर बलात्कार केला होता. प्रणयकथेला ते अडचणीचे होते, म्हणून पुढील काळात त्या प्रसंगाला जणू आवेगाच्या मीलनाचे रूप देण्यात आले. १९९८ साली मात्र मालिकेने स्वतःच हे ओझे पुन्हा उचलले. ल्यूक-लॉरा यांचा किशोरवयीन मुलगा लकी बलात्कार झालेल्या आपल्या मैत्रिणीला, एलिझाबेथला, सावरतो, आणि त्याच सुमारास आपल्या वडिलांनी आईशी काय केले होते, हे त्याला समजते. वडिलांना जाब विचारणारा हा मुलगा म्हणजे १९ वर्षांच्या प्रणयकथेची मालिकेने स्वतःच केलेली समीक्षा होय. अशी संधी अन्य कोणत्याही कथनप्रकाराला क्वचितच मिळते.

याच्या अगदी उलट उदाहरण 'ऑल माय चिल्ड्रन' चे आहे. १९७३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले त्याच वर्षी, या मालिकेतील एरिका केन हिने गर्भपात करून घेतला. तिला मूल नको होते, तिला आपले व्यवसायातील स्थान हवे होते. आणि लेखिकेने, म्हणजे पुन्हा निक्सन यांनीच, तिला तो निर्णय घेऊ दिला. ३३ वर्षांनी, २००६ साली, त्याच मालिकेत असे सांगण्यात आले की तो गर्भपात झालाच नव्हता. डॉक्टरने तो गर्भ गुपचूप आपल्या पत्नीच्या उदरात वाढविला होता आणि एरिकाचा तो मुलगा आता तरुण होऊन गावात आला आहे! वैद्यकीय असंभाव्यतेचा मुद्दा आपण सोडून देऊ. या प्रकारात मेलेली माणसे नित्य परत येतात आणि प्रेक्षक ते चालवून घेतो. आक्षेप निराळा आहे. एका स्त्रीने स्वतःच्या जीवनाविषयी घेतलेला, लक्षावधी स्त्रियांच्या स्मरणात असलेला निर्णय लेखणीच्या एका फटकाऱ्याने रद्द करण्यात आला, आणि तोही एका देखण्या नव्या पात्राच्या प्रवेशासाठी. बदलाला विरोध केवळ जुने तसेच ठेवून होतो असे नाही. घडून गेलेला बदल घडलाच नव्हता, असे सांगूनही तो होतो. माझ्या दृष्टीने या मालिकांच्या साचलेपणाचा सर्वांत बोलका दाखला हाच आहे.

त्या मानाने इतर उदाहरणे सौम्य होत. 'डेज ऑफ अवर लाइव्हज' मध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यात मार्लेना या मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीला सैतानाने झपाटले. २०२१ साली तिलाच पुन्हा झपाटले. 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' मधील ब्रुक आणि रिज यांचे विवाह व विभक्तता मोजण्याचा नाद प्रस्तुत लेखकाने केव्हाच सोडला आहे. २०१२ साली रिजचा अभिनेता गेला, पुढील वर्षी दुसरा आला, विवाहांचा क्रम चालूच राहिला.

निर्णय कोणाचा

'प्रेक्षकांनाच बदल नको असतो' हे दुसरे विधान आता तपासता येईल. आठवड्याला पाच भाग लिहावयाचे, तर मुख्य लेखक दीर्घ आराखडा करतो, दुसरे लेखक त्याचे दैनंदिन भाग पाडतात, तिसरे संवाद लिहितात, आणि या सर्वांवर वाहिनीच्या अधिकाऱ्यांची संमती लागते. प्रेक्षकसंख्या घसरली की मुख्य लेखक बदलला जातो. त्याच्या जागी बहुधा दुसऱ्या मालिकेतून आलेला अनुभवी लेखक बसतो. माणसे बदलतात, वर्तुळ तेच राहते. नव्याने आलेल्याला मागील दोन-तीन दशकांचा इतिहास ठाऊक असतोच असे नाही. त्याला ठाऊक असतो तो साचा. १९८५ ते १९९३ या काळात 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' चे मुख्य लेखक असलेले डग्लस मार्लंड यांनी अशा लेखकांसाठी काही नियम सांगितले होते : मालिका पाहा, तिचा इतिहास शिका, प्रेक्षकांची पत्रे वाचा, मूळ पात्रांचा स्वभाव बदलू नका. वरवर पाहता हे नियम परिवर्तनविरोधी वाटतील. प्रत्यक्षात १९८८ साली या मालिकेत हँक हे समलिंगी पुरुषाचे पात्र आणणारे लेखक मार्लंडच होते. इतिहास जाणणारा लेखकच नवे पाऊल टाकू शकला, हा योगायोग नव्हे.

याच मालिकेत २००७ साली ल्यूक आणि नोआ या दोन तरुणांचे चुंबन दाखविण्यात आले आणि मग कित्येक महिने त्यांना एकमेकांजवळ येऊच दिले नाही. तेव्हा तक्रार केली ती प्रेक्षकांनी! बदलाला कचरणारा घटक कोणता होता, हे वेगळे सांगावयास नको.

जाहिरातदारांना हवा असलेला वर्ग १८ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचा. हा आकडा टिकविण्यासाठी ज्येष्ठ पात्रे कडेला सारली गेली आणि त्यांच्याबरोबर स्मृतीही. स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या होत्या, दुपारचे घर रिकामे होत होते, आणि १९९५ मधील ओ. जे. सिम्पसन खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने अनेकांची सवय मोडली, हे खरेच आहे. ही बाह्य कारणे नाकारण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्यांवर योजलेला उपाय पाहावा. 'गायडिंग लाइट' ने २००८ साली हातात धरलेले कॅमेरे घेऊन न्यू जर्सीतील पीपॅक या गावी प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण सुरू केले. खर्च वाचला, चित्र बदलले. सप्टेंबर २००९ मध्ये मालिका बंद झाली. तंत्रातील बदल स्वस्त पडतो, म्हणून संस्था तो आधी करतात. महाविद्यालयांत काम करणाऱ्या आपणा सर्वांना याचा अनुभव असावा.

त्यानंतर 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' (२०१०), 'ऑल माय चिल्ड्रन' (२०११) आणि 'वन लाइफ टू लिव्ह' (२०१२) एकापाठोपाठ संपल्या. यांपैकी शेवटच्या दोन २०१३ साली आंतरजालावर पुन्हा सुरू करण्यात आल्या, त्या वर्षभरही टिकल्या नाहीत. 'डेज ऑफ अवर लाइव्हज' २०२२ साली वाहिनी सोडून पीकॉक या आंतरजालीय सेवेवर गेली. कृष्णवर्णीय कुटुंब आरंभापासून केंद्रस्थानी ठेवणारी 'जनरेशन्स' १९८९ ते १९९१ अशी जेमतेम दोन वर्षे चालली. पुन्हा असे कुटुंब केंद्रस्थानी ठेवणारी नवी मालिका, 'बियाँड द गेट्स', येण्यास फेब्रुवारी २०२५ उजाडले. तिच्या निर्मात्या मिशेल व्हाल जीन या 'जनरल हॉस्पिटल' च्या लेखकवर्गात दीर्घकाळ काम केलेल्या, आणि तिच्या निर्मितीत प्रॉक्टर अँड गँबल पुन्हा सहभागी. एवढ्यावरून तिचे मूल्यमापन करणे घाईचे होईल; तिच्याजवळ अजून स्मृतीच नाही.

'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' चा पहिला भाग १९५६ साली नॅन्सीने आपल्या पतीला केलेल्या प्रभातवंदनाने उघडला होता. १७ सप्टेंबर २०१० च्या अखेरच्या भागात तिचा मुलगा डॉ. बॉब, जो डॉन हेस्टिंग्ज यांनी १९६० पासून साकारला होता, आपल्या कार्यालयातील टेबलावरील पृथ्वीचा गोल मागे ठेवून, शुभरात्री म्हणून बाहेर पडतो. ५४ वर्षांचे अंतर सांधणारा हा प्रसंग लिहिणाऱ्यांना आपल्याजवळ काय आहे, हे पुरते ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी लिहावयास भाग उरलेला नव्हता.