भूमिपुत्रांचा प्रश्न आणि मायरन वायनर

परदेशी पंडिताने आपल्या देशाविषयी लिहिलेले पुस्तक वाचण्याच्या आपल्याकडे दोनच रीती रूढ आहेत. एक, ते डोक्यावर घेण्याची. दुसरी, ‘ह्यांना आमचे काय कळणार’ म्हणून बाजूला सारण्याची. मायरन वायनर ह्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाच्या बाबतीत ह्या दोन्ही रीती तोकड्या पडतात. १९९९ साली निधन पावलेल्या ह्या गृहस्थाने आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे हिंदुस्थानच्या अभ्यासात घालविली, आणि ‘ही भूमी कुणाची?’ ह्या प्रश्नाकडे ते पुन्हा पुन्हा वळले. तो प्रश्न मराठी माणसाच्याही जिव्हाळ्याचा असल्यामुळे त्यांच्या लिखाणाची झाडाझडती आपण आपल्या अंगणात उभे राहून घेतली पाहिजे.

पहिले आश्चर्य हे, की वायनर आपल्या सर्वांत दुखऱ्या जागी, म्हणजे बेळगावला, फार पूर्वी येऊन गेले होते. ‘पार्टी बिल्डिंग इन अ न्यू नेशन’ (१९६७) ह्या ग्रंथात काँग्रेसची बांधणी पाहण्यासाठी त्यांनी जी पाच स्थळे निवडली, त्यांत खेडा, गुंटूर, कलकत्ता आणि मदुराई ह्यांच्या बरोबरीने बेळगाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाजन आयोगाने १९६७ साली दिलेला निवाडा महाराष्ट्राने नाकारला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगाव कुणाचे, ह्या वादात वायनर शिरत नाहीत. पक्ष माणसे कशी जोडतो, एवढेच ते पाहतात. मराठी वाचकाला ही अलिप्तता प्रथम खटकते. परंतु जखमेवर फुंकर घालणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ आहेत. नाडी पाहणारे थोडे.

१९७१ साली त्यांनी मॅसिडोनियाच्या निमित्ताने एक दीर्घ निबंध लिहिला. आपली माणसे सरहद्दीपलीकडे राहिली असे ज्या राज्याला वाटते, ते राज्य. ती माणसे आणि तो मुलूख ज्याच्या ताब्यात आहे, ते राज्य. आणि मधल्या मध्ये सापडलेली ती माणसे. ह्या तिघांचे स्वभाव कसे बदलत जातात, ह्याचे चित्र त्यांनी बाल्कन प्रदेशाच्या इतिहासावरून काढले. अशा भांडणात राज्याचे मन मागे वळते, इतिहास हे हत्यार होते आणि घरातल्या मतभेदाला फितुरी समजले जाते. एका संघराज्यातल्या दोन घटकांना हा नमुना जसाच्या तसा लागू पडणार नाही. आपल्याकडे सैन्ये समोरासमोर उभी राहत नाहीत. पण बेळगावला २०१२ साली विधानसौध उभे राहिले आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले, ह्या घटना आठवल्या की त्या चित्रातली रेष आणि रेष ओळखीची वाटू लागते. ठराव दोन राजधान्यांचे होतात. मुलाला कोणत्या शाळेत घालावे हा घोर मात्र सीमाभागातल्या बापाला लागतो.

वायनर यांचे मुख्य कार्य मात्र ‘सन्स ऑफ द सॉइल’ (१९७८) हे होय. आसाम, छोटा नागपूर आणि हैदराबाद ह्या तीन ठिकाणी स्थानिक विरुद्ध बाहेरचे हा झगडा का पेटला, ह्याचा शोध त्यांनी घेतला. परका आला म्हणून माणूस आपोआप चवताळत नाही, हे त्यांचे म्हणणे. स्थानिकांत नवे शिक्षण झपाट्याने पसरते, खालच्या मध्यम वर्गातली मुले प्रथमच कचेरीच्या खुर्चीची आशा धरतात, आणि ती खुर्ची आधीच कुणी दुसऱ्याने अडवलेली असते, तेव्हा झगडा पेटतो. हैदराबादेत तर आलेले आणि असलेले दोघेही तेलुगूच बोलत होते; म्हणजे भाषा हे नेहमीच मूळ कारण नसते. पुढच्या काळाने ह्या अभ्यासाला विलक्षण साक्ष दिली. १९७९ साली आसामात आंदोलनाचा भडका उडाला. झारखंड २००० साली आणि तेलंगण २०१४ साली वेगळे राज्य झाले.

हा सिद्धांत शाळामास्तराला अस्वस्थ करणारा आहे. भांडणाचे बी द्वेषात नसून आकांक्षेत आहे, आणि ती आकांक्षा तर आम्हीच वर्गात पेरतो! पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे नाकारता येत नाही. येथे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चाकणकडची माळराने यंत्रांनी भरली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून माणसे आली, तशीच बिहार-उत्तर प्रदेशातूनही आली. स्थानिकांना ऐंशी टक्के जागा द्याव्यात हे शासनाचे धोरण जुनेच आहे. आणि त्यात स्थानिक कोण, तर महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिलेला. ह्या मोजमापाने लातूरचा मुलगा स्थानिक ठरतो; निघोजे किंवा महाळुंगे गावच्या शेतकऱ्याच्या लेखी मात्र तोही बाहेरचाच. हैदराबादविषयी वायनर यांनी जे दाखविले, तेच येथे मराठीत घडते आहे.

पण माझा आक्षेप येथूनच सुरू होतो. वायनर यांच्या मांडणीत ‘स्थानिक’ हा एक गट आहे आणि ‘बाहेरचा’ हा दुसरा. चाकणच्या गावांत ही भिंत घरातूनच जाते. बापाने जमिनीच्या पैशात दहा-बारा खोल्यांची चाळ बांधली आहे, आणि भाडेकरू बाहेरचे आहेत म्हणूनच त्याची चूल पेटते. मुलगा आयटीआय होऊन कारखान्याच्या फाटकापाशी उभा आहे, आणि त्याला तेच भाडेकरू डोळ्यांसमोर नकोत. ह्या घरातला भूमिपुत्र कोणता? छोटा नागपूरच्या आदिवासींची जमीन कशी गेली हे वायनर सांगतात; परंतु जमीन विकून घरमालक झालेला स्थानिक त्यांच्या कोष्टकात बसत नाही. तसाच न बसणारा दुसरा माणूस म्हणजे भाडेकरूचा मुलगा. घरी भोजपुरी बोलणारे आणि वर्गात मराठीत निबंध लिहिणारे ते पोर कोणत्या रकान्यात घालायचे? सीमाभागातल्या दुभाषी घरांचेही असेच आहे. खानेसुमारी एकच मातृभाषा मागते. माणूस दोन घेऊन जगतो.

दुसरा आक्षेप काळाचा आहे, म्हणून त्याचा दोष ग्रंथकाराला देता येणार नाही. त्यांनी पाहिलेले भांडण कायम नोकरीसाठी होते. आज फाटकाच्या आत ठेकेदाराची माणसे आहेत. कायमपणा ना ह्याला आहे, ना त्याला. जी खुर्चीच उचलून नेली, तिच्यासाठी दोघे एकमेकांची गचांडी धरतात.

मग शिक्षण पसरवूच नये काय? ह्याचे उत्तर वायनर यांनीच पुढे ‘द चाइल्ड अँड द स्टेट इन इंडिया’ (१९९१) ह्या ग्रंथात देऊन ठेवले आहे. गरिबाच्या पोराने हाताने काम करावे असे मानणाऱ्या वरिष्ठ वर्गानेच आपल्याकडे सक्तीचे शिक्षण रखडविले, असा ठपका त्यांनी तेथे ठेवला. दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे त्यांचे खरे सांगणे कळते: शिकलेला मुलगा हक्क मागून भांडेल, आणि न शिकलेला मुकाट्याने राबेल. ह्यांतले भांडणच पत्करले पाहिजे. मात्र ते कुणाशी करायचे, हे त्या मुलाला समजले पाहिजे. आणि ते सांगण्याचे काम कोष्टकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेथे शाळेने आणि कादंबरीने पुढे व्हायचे आहे.