पडद्यावरचे संदर्भ : हैदराबादमधील डिजिटल डिझायनरांची संशोधनसाधने

मोबाइल अ‍ॅप, संकेतस्थळ, बँकेचे यंत्र किंवा दुकानातील बिलाचा पडदा यांवर काय, कोठे आणि कोणत्या क्रमाने दिसावे हे ठरवणाऱ्या डिजिटल डिझायनरच्या कामाची सुरुवात बहुधा कोऱ्या पानापासून होत नाही. ती इतरांनी केलेले काम पाहण्यापासून होते आणि या पाहण्याला व्यवसायात ‘रेफरन्स शोधणे’ असे म्हटले जाते. या शोधात दोन वेगळ्या कृती एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिली प्रेरणेची, म्हणजे रंग, अक्षरे व मांडणी यांचे नमुने डोळ्यांखालून घालण्याची. दुसरी संशोधनाची, म्हणजे एखादी मांडणी कोणासाठी, कोणत्या अडचणीतून आणि कोणत्या मर्यादांत जन्मली हे समजून घेण्याची. गेल्या दीड-दोन दशकांत या शोधासाठी जी ऑनलाइन साधने उभी राहिली, त्यांनी पहिल्या कृतीची सोय अमाप करून ठेवली आणि दुसरीकडे फारसे लक्ष दिले नाही. ही विषमता हैदराबादइतकी स्पष्ट क्वचितच दुसरीकडे दिसेल, कारण या शहरात सॉफ्टवेअर उद्योगही मोठा आहे आणि जुन्या छापील व चित्रित सामग्रीचे डिजिटल साठेही मोठे आहेत, पण या दोहोंची गाठ मात्र पडत नाही.

हैदराबादच्या तंत्रज्ञान-इतिहासात 1998 हे वर्ष निर्णायक मानले जाते. हायटेक सिटीतील सायबर टॉवर्स, मायक्रोसॉफ्टचे भारतातील विकासकेंद्र आणि गच्चीबावलीची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, म्हणजे त्रिपल आयटी, या तिन्हींचा आरंभ त्याच वर्षीचा. आरंभीचा भर प्रोग्रॅमिंगवर होता, तरी पुढे उत्पादनांची दृश्यरचनाही येथेच होऊ लागली. आयआयटी हैदराबादच्या डिझाइन विभागातून आणि जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललितकला विद्यापीठातून प्रशिक्षित विद्यार्थी बाहेर पडू लागले आणि ऑक्टोबर 2019 मध्ये जागतिक डिझाइन संघटनेची परिषद या शहरात भरली. अशा कार्यालयांत बसलेला डिझायनर सकाळी सिअ‍ॅटलच्या ग्राहकासाठी इंग्रजी पडदा आखतो आणि दुपारी तेलुगू, उर्दू, हिंदी किंवा मराठी वाचणाऱ्यासाठी. मात्र दोन्ही वेळा त्याच्यासमोर उघडलेली साधने तीच असतात.

या साधनांतील सर्वांत परिचित प्रकार कामाच्या प्रदर्शनाचा. ड्रिबल हे 2009 मध्ये डॅन सीडरहोम आणि रिच थॉर्नेट यांनी सुरू केले, तेव्हा त्यावर केवळ आमंत्रितांनाच आणि तेही 400 गुणिले 300 पिक्सेलच्या चौकटीत, चालू कामाचा तुकडा दाखवता येत असे. ही मर्यादा मुळात गंमतीची होती, पण तिने एक सवय लावली : संपूर्ण उत्पादन न दाखवता त्याचा देखणा कोपरा दाखवण्याची. इंटरकॉम या कंपनीतील पॉल अ‍ॅडम्स यांनी 2013 मध्ये याच सवयीवर टीका करून डिझाइनचे ‘ड्रिबलीकरण’ होत असल्याचे म्हटले. जे काम वापरणाऱ्याची अडचण सोडवण्याऐवजी सहव्यावसायिकांची दाद मिळवण्यासाठी केले जाते, त्याला हे नाव मिळाले. त्याआधी सुरू झालेल्या आणि 2012 च्या डिसेंबरात अडोबीने विकत घेतलेल्या बिहान्सवर कामाची कहाणी लांबलचक पानात सांगण्याची सोय आहे, त्यामुळे तेथे कारणमीमांसा मिळण्याची शक्यता अधिक. पण ही कहाणी बहुधा काम संपल्यावर, नोकरीसाठी दाखवायच्या संग्रहाचा भाग म्हणून लिहिलेली असल्याने तिच्यात फसलेला प्रयत्न सहसा सापडत नाही. पुरस्कार देणाऱ्या ऑवर्ड्‌ससारख्या दालनांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. तेथील संकेतस्थळे पाहण्यासाठी बनवलेली असतात, वापरण्यासाठी नव्हे, आणि स्वस्त फोनवर व मंद नेटवर्कवर ती उघडून पाहिली की याचा पडताळा लगेच येतो.

पिंटरेस्टचे स्वरूप वेगळे आहे. 2010 मध्ये लोकांसमोर आलेल्या या साधनात प्रत्येक चित्र ‘पिन’ म्हणून फलकावर लावले जाते आणि नंतर यंत्रच त्याच्यासारखी दिसणारी चित्रे सुचवत राहते. ‘मूडबोर्ड’, म्हणजे प्रकल्पाचा भाव ठरवणारा चित्रांचा फलक, तयार करण्यासाठी हे साधन इतके सोयीचे आहे की अनेक ठिकाणी मूडबोर्ड आणि पिंटरेस्ट हे समानार्थी झाले आहेत. अडचण अशी की साम्याचा शोध चित्राच्या पृष्ठभागावर चालतो. बिदरी सुरईवरील चांदीच्या नक्षीचे छायाचित्र दिल्यास काळ्या पार्श्वभूमीवरची रुपेरी नक्षी असलेली भिंतपत्रके, मोबाइलची वेष्टने आणि लग्नपत्रिका एका रांगेत येतात; सुरई बीदरची की लखनौची, शतक कोणते, वस्तू कोणत्या संग्रहालयात आहे, हे प्रश्न त्या रांगेत उरत नाहीत. चित्र एका फलकावरून दुसऱ्यावर जाताना त्याचा मूळ दुवा तुटणे ही येथील नित्याची गोष्ट आहे. याउलट अरीना या लहानशा, सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या साधनात जोडण्या माणसेच करतात : मजकूर, चित्र किंवा दुवा यांचा एक घटक अनेक ‘चॅनलां’त ठेवता येतो आणि तो आणखी कोणी, कोणत्या विषयाखाली ठेवला आहे हे दिसते. गती संथ, साठा तुलनेने थोडा. तरी अभ्यासाच्या दृष्टीने हे साधन पिंटरेस्टपेक्षा सरस ठरते, कारण त्यात एका माणसाचा विचार दुसऱ्यापर्यंत त्याच्या नावासह पोहोचतो.

व्यावसायिकांचा सर्वाधिक भरवसा आज ज्यांवर आहे ती साधने म्हणजे स्क्रीनशॉटची ग्रंथालये, आणि त्यांपैकी मॉबिन हे प्रमुख. प्रत्यक्ष बाजारात असलेल्या अ‍ॅपचे पडदे येथे वर्गीकरण करून ठेवलेले असतात. नोंदणी, पैसे भरणे, सदस्यत्व रद्द करणे अशा कृतींचा पडद्यामागून पडदा असा पूर्ण क्रम, ज्याला ‘फ्लो’ म्हणतात, एकत्र पाहता येतो. देखण्या कोपऱ्याऐवजी संपूर्ण रस्ता दाखवणारे साधन म्हणून हे निश्चितच पुढचे पाऊल आहे. तथापि येथेही पडदा दिसतो, परिणाम दिसत नाही. मोठ्या कंपनीने एखादे बटण डावीकडे का ठेवले, त्याने किती जण अडखळले, तो निर्णय नंतर मागे घेतला गेला का, हे स्क्रीनशॉट सांगू शकत नाही, आणि मग ‘अमक्याने केले आहे’ एवढेच समर्थन पुरेसे ठरू लागते. याचा धोका केवळ कलात्मक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला फसवून किंवा दमवून हवे ते करवून घेणाऱ्या रचना रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत 13 प्रकार नमूद केले. खोटी घाई दाखवणे, ग्राहकाच्या टोपलीत न विचारता वस्तू टाकणे, वर्गणी सहज बंद करू न देणे हे त्यांपैकी काही. परदेशी अ‍ॅपच्या संग्रहातून उचललेला नमुना भारतात नियमबाह्य ठरू शकतो, याची सूचना देणारी खूण पडद्याच्या चित्रावर नसते.

या ग्रंथालयांचा भर इंग्रजी पडद्यांवर असल्यामुळे हैदराबादच्या डिझायनरची दुसरी अडचण लिपीची होते आणि ती अधिक खोल आहे. तेलुगूत जोडाक्षरातील दुसरे व्यंजन ‘वत्तु’ होऊन मूळ अक्षराच्या खाली उतरते. देवनागरीत रफार व मात्रा वर चढतात आणि उकार खाली जातात. उर्दूची नस्तालिक शैली उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक शब्द तिरका खाली घसरवते, त्यामुळे तिला ओळींमध्ये भरपूर उंची लागते आणि संपूर्ण पडद्याची दिशाच उलटी करावी लागते. इंग्रजीसाठी मापलेल्या बटणात यांपैकी कोणतेही अक्षर नीट मावत नाही. मराठीच्या बाबतीत तर हिंदीहून वेगळ्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ फॉन्टमध्ये असूनही, मजकुराची भाषा मराठी असल्याची सूचना संगणकाला दिली नाही तर, पडद्यावर हिंदी वळणच उमटते. असे प्रश्न इतरांनी कसे सोडवले हे पाहावे म्हटले तर प्रदर्शनी साधनांत ‘देवनागरी’ किंवा ‘तेलुगू’ असा शोध घेतल्यावर मुख्यतः सुलेखनाची भित्तिपत्रके आणि बोधचिन्हे मिळतात. तिकीट काढण्याचा, वीजबिल भरण्याचा किंवा तक्रार नोंदवण्याचा साधा पडदा मिळणे दुर्मीळ. मीसेवा या सरकारी सेवा केंद्रात तर पडदा चालवतो तेथील कर्मचारी आणि अर्जदार शेजारी उभा राहून आपली माहिती सांगतो. एका पडद्याचे असे दोन वापरकर्ते असू शकतात, ही कल्पनाच या संग्रहांच्या वर्गीकरणात बसत नाही.

अक्षरांपुरते बोलायचे तर परिस्थिती मात्र बरीच सुधारली आहे. सिलिकॉनआंध्र या संस्थेच्या पुढाकाराने घडवलेले आणि पेद्दना, तिम्मना, धूर्जटी अशी तेलुगू कवींची नावे धारण करणारे फॉन्ट गूगल फॉन्ट्‌सवर मोफत मिळतात. मुंबईच्या एकटाइप संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्टही तेथेच आहेत. फॉन्ट निवडताना वाक्य टाइप करून पाहण्याची सोय असलेले हे दालन संशोधनसाधन म्हणूनही वापरले जाते. पण फॉन्ट प्रत्यक्ष वापरात कसा दिसला याची श्रेयासह नोंद ठेवणारे फॉन्ट्‌स इन यूज या दालनासारखे, भारतीय लिपींना वाहिलेले आणि तेवढ्याच शिस्तीचे संकलन अद्याप हाताशी नाही.

खरे पाहता ज्या सामग्रीतून असे संकलन उभे राहू शकेल तिचा मोठा भाग हैदराबादमध्येच डिजिटल झाला आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी यांच्या प्रेरणेने चाललेल्या दशलक्ष ग्रंथ प्रकल्पात त्रिपल आयटी हैदराबाद हे स्कॅनिंगचे प्रमुख केंद्र होते. जुनी मराठी पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवून वाचणाऱ्यांना ‘ओयू’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे पहिले पान आणि त्यामागचे उस्मानिया विद्यापीठ ग्रंथालयाचे परतीच्या तारखेचे पान चांगलेच ओळखीचे असते. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि या विद्यापीठात मराठीचे अध्यापन होत होते, याचाच तो अवशेष. वाचकासाठी हा ठेवा अमूल्य आहे. डिझायनरसाठी मात्र तो अर्धाच उपयोगी पडतो. स्कॅन बहुतांशी निव्वळ काळ्या-पांढऱ्या दोन छटांत केलेले आहेत, त्यामुळे खिळ्यांची वळणे ठीक दिसतात पण कागदाचा पोत, शाईचा दाब आणि रंग नाहीसे होतात. शिवाय ग्रंथालयांत पुस्तकाला नवी बांधणी करताना मूळ मुखपृष्ठ अनेकदा काढून टाकले जात असल्याने ते स्कॅनपर्यंत पोहोचलेलेच नसते.

संग्रहालयांची स्थिती काहीशी बरी आहे. सालारजंग संग्रहालयातील निवडक वस्तू आणि ‘कलाकृती अर्काइव्ह्ज’ या संग्रहाचे जुने नकाशे गूगल आर्ट्‌स अँड कल्चरवर पाहता येतात. नकाशा इतका मोठा करता येतो की त्यावरील हस्ताक्षरातली वळणेसुद्धा अभ्यासता येतात. त्याचबरोबर पुण्याच्या सी-डॅकने बनवलेल्या ‘जतन’ या प्रणालीवर आधारलेल्या भारतीय संग्रहालयांच्या सरकारी पोर्टलवर सालारजंगच्या वस्तूंची सामग्री, शैली, काळ व मोजमाप यांसह नोंद आहे. सौंदर्याच्या दृष्टीने हे पोर्टल रुक्ष आहे आणि वापरताना सहनशक्ती लागते, पण पिंटरेस्टवरील निनावी सुरईला येथे आपले ठिकाण परत मिळते. या दोन्हींच्या मधली जागा आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘डी-सोर्स’ या अध्ययनसाधनातून भरली आहे. सुधाकर नाडकर्णी यांच्यासारख्यांनी घडवलेल्या या केंद्राने हस्तकलांचे दस्तऐवजीकरण करताना तयार वस्तूच्या चित्रावर न थांबता कच्चा माल, हत्यारे आणि कृतीचे टप्पे नोंदवले. एखादी नक्षी तशी का होते हे पाहायचे तर हैदराबादच्या डिझायनरने मूडबोर्डाआधी येथे यावे, असे निःसंकोच म्हणता येते.

यंत्राने चित्र निर्माण करणाऱ्या नव्या साधनांमुळे संदर्भाचे मूळ हरवण्याचा प्रश्न सुटला नाही, उलट तीव्र झाला. जुलै 2024 मध्ये फिग्मा या सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या आरेखन-साधनाने वर्णनावरून पडदा बनवून देणारी आपली सुविधा तात्पुरती मागे घेतली, कारण हवामानाचे अ‍ॅप मागितल्यावर ती अ‍ॅपलच्या अ‍ॅपशी विलक्षण साम्य असलेला पडदा देत होती. कंपनीने त्याचे कारण सुविधेच्या मुळाशी असलेल्या तयार घटकसंग्रहात असल्याचे सांगितले. संदर्भ कोठून आला हे पूर्वी डिझायनर विसरत असे, आता साधनच ते पोटात ठेवते.

तांत्रिकदृष्ट्या वेगळा मार्ग असंभव नाही. त्रिपल आयटी हैदराबादच्या संगणकीय दृष्टी केंद्रात सी. व्ही. जवाहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांतील स्कॅन केलेल्या पानांवर, अक्षरओळख पूर्ण न करताही, शब्दाच्या आकारावरून शब्द शोधण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे. तिचा हेतू वाचकाला मजकूर सापडावा हा होता. पण आकारावरून शोधता येते म्हटल्यावर ‘क्ष’चे अमुक वळण कोणकोणत्या छापखान्यांच्या पानांवर आहे, असा डिझायनरचा प्रश्नही त्याच दिशेने विचारता येईल. आज अडते ते नोंदीपाशी. उस्मानियाच्या मराठी ग्रंथांच्या सूचीत लेखक, शीर्षक आणि वर्ष असते; मुखपृष्ठ दीनानाथ दलालांचे की रघुवीर मुळगावकरांचे, अक्षरलेखन कोणाचे, यासाठी सूचीत रकानाच नाही, आणि म्हणून एखादे मुखपृष्ठ स्कॅनमध्ये टिकले असले तरी चित्रकाराच्या नावाने शोधणाऱ्याला ते सापडत नाही.