राष्ट्रगीताच्या वेळचे मौन : एका निवाड्याचे वाचन

न्यायालयाचे निवाडे साहित्य म्हणून वाचण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. ते वकिलांचे काम, असे म्हणून आपण बाजूला होतो. तरीही ‘बिजो इम्यॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 1986 रोजी दिलेला निवाडा प्रत्येक ख्रिस्ती पालकाने एकदा वाचावा, असे आम्हांस वाटते. शाळेने मुलांस नागरिकत्वाचे संस्कार द्यावेत, याविषयी दुमत नाही. त्या संस्कारांत सक्ती कोठे थांबावी आणि पालकाच्या सद्सद्विवेकबुद्धीचा मान कोठे राखावा, हा प्रश्न येथे स्वच्छपणे मांडला आहे.

हकिकत साधी आहे. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी इतरांबरोबर आदराने उभी राहत, परंतु गात नसत. यहोवाच्या प्रार्थनेवाचून अन्य विधीत भाग घेणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. एका आमदाराच्या नजरेस हे आले, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी झाली. मुलांनी अनादर केलेला नाही, असाच अहवाल आला. तरीही जुलै 1985 मध्ये त्यांस शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. ती सर्वोच्च न्यायालयाने दिली.

न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांची लेखनशैली निराडंबर आहे. राष्ट्रगीत गायलाच हवे, असा कोणताही कायदा नाही आणि आदराने उभे राहणे हाही मानच आहे, हे ते प्रथम दाखवतात. मग ते अधिक खोल मुद्द्याकडे वळतात. श्रद्धा इतरांस पटते की नाही, हे न्यायाधीशाने पाहावयाचे नसते. ती मनापासून बाळगलेली आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. या मुद्द्याच्या पुष्ट्यर्थ ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. दावर यांनी पारशी धर्मविधींच्या एका जुन्या खटल्यात काढलेल्या उद्गारांचा आधार घेतात. शेवटी परंपरा, तत्त्वज्ञान आणि राज्यघटना या तिन्हींतील सहिष्णुतेची आठवण देऊन ते थांबतात.

एक उणीव मात्र जाणवते. तिघांतील थोरला दहावीत, तर धाकटी पाचवीत होती. दोघांच्या श्रद्धेचे मोजमाप निवाडा एकाच मापाने करतो. मुलाची सद्सद्विवेकबुद्धी आईवडिलांपासून वेगळी होऊ लागली तर काय, हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही. पालकांच्या हक्काची चर्चा त्याविना अपुरी राहते.

हा निवाडा वाचताना आपण सहजच त्या मुलांच्या जागी उभे राहतो, कारण अल्पसंख्य असण्याचा अनुभव आपल्या ओळखीचा आहे. परंतु ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांचा विचार केला की चित्र उलटे होऊ शकते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली कुटुंबांतील मूल वाडीपासून दूर वसतिगृहात राहून शिकते, त्याच्या घरी वाघदेव आणि गावदेवी असते. अशी शाळा किंवा वसतिगृह जेथे आपल्या हाती असेल, तेथे आपण मुख्याध्यापकांच्या जागी असतो. घटनेच्या 28व्या अनुच्छेदाचे तिसरे कलम सांगते की, शासनमान्य वा अनुदानित संस्थेत कोणासही धार्मिक शिक्षणास वा उपासनेस संमतीवाचून बसवता येणार नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत ती संमती पालकाची हवी. प्रवेशअर्जावर उमटलेला अंगठा म्हणजे ही संमती नव्हे. ती त्यांच्या बोलीत, समजावून, नकाराची वाट मोकळी ठेवून विचारली पाहिजे.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात पालकांच्या श्रद्धेशी न जुळणारे पाठ मुलांवर लादणे हा हक्कभंग मानला आहे. तेथे ‘कॅथलिक पालक’ असे न म्हणता ‘पालक’ म्हटले आहे. त्याच वर्षीच्या शिक्षणविषयक जाहीरनाम्याने मुलांनी नैतिक मूल्ये स्वतःच्या विवेकाने स्वीकारावीत, असे सांगून निवाड्यातील ती उणीवही काही अंशी भरून काढली आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडण्यास नकार दिला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने 2013 साली त्याच्या बाजूने कौल दिला. त्या वृत्ताने आपल्यापैकी काहींस बरे वाटले असेल. तोच शिक्षक आपल्या शाळेत असता तर बरे वाटले असते काय?

26 जानेवारी 2020 पासून महाराष्ट्रातील शाळांत घटनेची उद्देशिका वाचणे आवश्यक करण्यात आले. या सक्तीस हरकत घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. तिच्यातच विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांच्या स्वातंत्र्याचे वचन आहे. नागरिकशास्त्राचा धडाच येथे विवेकाचा राखणदार झाला आहे. मुरबाडच्या वाडीवरील मूल ते शब्द उच्चारील, तेव्हा त्यानंतरच्या प्रार्थनेला बसायचे की नाही, हे त्याला आणि त्याच्या आईबापांना आपण खरोखर विचारले आहे ना, एवढे प्रत्येक संस्थेने तपासून पाहावे.