लेखकनामसाधित विशेषणे : शैलीचे नाव की जगाचे?

लेखकाच्या नावापासून सिद्ध झालेले विशेषण हे एक संक्षिप्त समीक्षाविधान असते. ते समीक्षेबाहेर पडून दैनंदिन लेखनात रूढ झाले, की त्या विधानाचे काय होते, हा तौलनिक अभ्यासाचा प्रश्न आहे.

इंग्रजीतील ‘ऑर्वेलियन’ हे विशेषण प्रायः ऑर्वेलच्या शैलीचा निर्देश करीत नाही. १९४९ च्या कादंबरीत त्याने ज्या सत्तेचा निषेध केला, तिचा करते. १९४६ च्या निबंधात झिजलेल्या शब्दप्रयोगांवर टीका करणाऱ्या या लेखकाचे नावच पुढे तसा शब्दप्रयोग बनले, हा दैवदुर्विलास होय. बंगालीतील ‘राबींद्रिक’ची दिशा वेगळी. ते गायनाला, वेशभूषेला, बोलण्याच्या ढबीलाही लागते आणि एक अभिरुची सुचविते. मराठीतील ‘खांडेकरी’, ‘मर्ढेकरी’ मात्र बहुधा साहित्यचर्चेतच राहतात. ‘खांडेकरी’ म्हणजे अलंकारप्रचुर, सुभाषितवजा वाक्यरचना. खांडेकरांनी पाहिलेले जग नव्हे. कारभाराला नाव देताना मराठी लेखणी ‘तुघलकी’, ‘नादिरशाही’ अशी राज्यकर्त्यांची नावे घेते. माणसाला नाव देताना थेट पात्रालाच बोलावते. लग्नघरी राबणारा हरकाम्या पु. ल. देशपांडे यांच्यामुळे ‘नारायण’ ठरतो, ‘देशपांडीय’ नव्हे.

त्यामुळे सरकारी कचेरीतील हेलपाट्यांना मराठी लेखात ‘काफ्काएस्क’ म्हटले जाते, तेव्हा परक्या प्रत्ययासह आलेला हा शब्द कोणती उणीव भरून काढतो, हे तपासले पाहिजे. ‘द ट्रायल’ (१९२५) या कादंबरीतील योसेफ के.च्या वाट्याला केवळ विलंब येत नाही. आरोप अज्ञात असतानाही तो स्वतः न्यायालयाचा माग काढीत जातो आणि त्यात गुंतत जातो. आरोपीचा हा सहभाग वगळला, तर उरतो तो अर्थ सांगण्यास ‘दप्तरदिरंगाई’ हा शब्द पुरेसा आहे.

याचा अर्थ अशी विशेषणे त्याज्य आहेत, असा नाही. विशेषणाच्या जागी त्या लेखकाच्या कृतीतील नेमका प्रसंग ठेवून पाहावा. तो तेथे बसला, तरच विशेषण सार्थ मानावे. याच कसोटीने आपल्या लेखकांकडेही पाहता येईल. महायुद्धोत्तर महानगरातील यांत्रिक, एकाकी जगण्याला मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (१९४७) मध्ये रूप दिले. तरी त्या जगण्याला ‘मर्ढेकरी’ म्हणण्याची सवय आपल्या गद्याला जडली नाही. परक्या नावाची उसनवारी करण्यापूर्वी या अनुपस्थितीचा विचार व्हावा.