सत्तर चित्रांचा वाडा

१९८० साली अमेरिकेत अ‍ॅपल-२ संगणकासाठी ‘मिस्टरी हाउस’ हा खेळ निघाला. रचना रोबर्टा विल्यम्स यांची, प्रोग्रॅम त्यांचे पती केन यांचा. ओसाड वाडा, आत सात माणसे आणि एकामागून एक खून! लहानपणी तो खेळलेली मंडळी आज पन्नाशी ओलांडूनही त्या वाड्याच्या आठवणीने हळवी होतात. ‘तेव्हा कल्पनाशक्तीला वाव होता,’ असे त्यांचे म्हणणे. ते कितपत खरे?

चित्रांपुरते खरे आहे. अ‍ॅपल-२ च्या पडद्यावरचे एक चित्र जसेच्या तसे साठवायला ८ किलोबाइट लागत. अशा सुमारे ७० चित्रांना झाले ५६०. फ्लॉपीवर तर दीडशेही मावत नसत. म्हणून रेघांची टोके तेवढी साठवली. रेघा संगणक दर वेळी नव्याने ओढी. माणसे बालवाडीतल्या पोराने काढल्यासारखी दिसतात. पण चार रेघांच्या प्रेताला उरलेले रूप आपणच देतो. अंधार पडू लागतो, मेणबत्ती शोधावी लागते, तेव्हा छाती धडधडते ती त्यामुळेच.

आज्ञांचे मात्र तसे नाही. आज्ञा द्यायची ती दोन इंग्रजी शब्दांत : क्रियापद आणि नाम. युक्ती बरोबर सुचली, तरी प्रोग्रॅमच्या यादीतला नेमका शब्द सापडेपर्यंत काही हलत नाही. यात कल्पनाशक्ती कसली? हे नुसते चाचपडणे. आठवणी सांगताना ते तास कोणी मोजत नाही. १९८७ साली हा खेळ सर्वांना खुला झाला. शंका असेल त्याने एक संध्याकाळ त्या वाड्यात काढून पाहावी.