भैरवी आणि बेडूक : व्हॉयेजरच्या तबकडीतला विस्मय

१९७७ साली दोन व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची ध्वनिमुद्रिका अवकाशात गेली. मराठी माणूस तिच्याविषयी बोलू लागला, की गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचे नाव अभिमानाने घेतो. अभिमान रास्तच आहे. पण अद्भुत रसाचा स्थायिभाव भरताने विस्मय मानला, आणि अभिमान पुष्कळदा विस्मयाची जागा बळकावतो. म्हणून ही तबकडी एक संहिता म्हणून वाचून पाहावी.

कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यात सत्तावीस सांगीतिक रचना, मराठीसह पंचावन्न भाषांतले अभिवादन, शंभराहून अधिक चित्रे आणि सुमारे बारा मिनिटांची एक ध्वनिमालिका घातली. या मालिकेकडे आपले लक्ष कमी जाते. ज्वालामुखी, गडगडाट, पाऊस. मग रातकिडे, बेडूक, पक्षी. पुढे पावले, हृदयाचे ठोके, हसू. लोहारकाम, करवत, घोडागाडी, आगगाडी. शेवटाकडे आई आणि मूल. यातले बहुतेक आवाज आपण ऐकूनही न ऐकल्यासारखे करतो. रातकिड्यांच्या किरकिरीला कंटाळून खिडकी लावणारा माणूस तीच किरकिर तबकडीत आहे हे कळल्यावर थबकतो. आवाज तोच असतो; ऐकणाऱ्याची जागा तेवढी बदललेली असते.

केसरबाईंच्या 'जात कहाँ हो'चेही तसेच. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा पल्लेदार आवाज येथे जेमतेम साडेतीन मिनिटे ऐकू येतो. राग भैरवी, म्हणजे मैफल संपवणारा. निघालेल्या माणसाला उंबऱ्यावर विचारावा तसा हा घरगुती प्रश्न, कधीच न परतणाऱ्या यानात बसून गेला. व्हॉयेजर-१ चे उड्डाण ५ सप्टेंबरचे. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. हा योग कोणी जुळवलेला नाही, तरी आज ती भैरवी ऐकताना तो विसरता येत नाही.

या संहितेत एक उणीव आहे. युद्ध, दुष्काळ, रोगराई यांची चित्रे तिच्यातून वगळली गेली. म्हणजे तिच्यातले दैनंदिन जीवन पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेल्या दिवाणखान्यासारखे आहे. गंमत अशी, की ही उणीव त्याच यानाने भरून काढली. १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे सहा अब्ज किलोमीटरवरून व्हॉयेजर-१ ने टिपलेल्या छायाचित्रात पृथ्वी एका पिक्सेलहूनही लहान दिसते. त्या ठिपक्यातून काहीच वगळता येत नाही. रातकिडे आणि रणभूमी दोन्ही त्यातच आहेत.

दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये (१९५६) असे अंतर न घेताच विस्मय साधला. रोजच्या झाडांकडे, आभाळाकडे त्या महिन्यामागून महिना पाहत राहिल्या. सेगन दूर जाऊन पाहतात, दुर्गाबाई जवळ थांबून. दोघांच्याही हाती ओळखीचीच वस्तू नवी होऊन येते.

दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोचायलाही यानाला हजारो वर्षे लागतील. तोवर तबकडीचे श्रोते आपणच. म्हणून अवकाशविषयक मराठी लेखनाला एक साधी कसोटी लावावी : वाचून झाल्यावर मनात फक्त किलोमीटरचे आकडे उरतात, की दाराबाहेरचा बेडूकही ऐकू येऊ लागतो?