सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांचे शिक्षण

हारुकी मुराकामी हे जपानचे नामवंत कादंबरीकार. परंतु त्यांचे ‘अंडरग्राउंड’ हे पुस्तक कादंबरी नव्हे. २० मार्च १९९५ रोजी सकाळी ओम शिनरिक्यो पंथाच्या पाच जणांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सारिन या विषारी द्रवाच्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडल्या. या हल्ल्याने १४ बळी घेतले. त्यांतील शेवटचा मृत्यू पंचवीस वर्षांच्या आजारपणानंतर, २०२० साली झाला. हल्ल्यात सापडलेल्या सुमारे ६० जणांच्या मुलाखती मुराकामींनी १९९७ साली प्रसिद्ध केल्या. आपत्तीत धावून जाणाऱ्यांना काय शिकवावे, या प्रश्नासाठी आम्ही हे पुस्तक वाचले.

पुस्तकाचे बळ बारीकसारीक तपशिलांत आहे. कासुमिगासेकी स्थानकावर कर्मचाऱ्यांनी सांडलेला द्रव वर्तमानपत्रांनी टिपला, फरशी पुसली. तेथील दोन कर्मचारी दगावले. ते आपले रोजचे काम चोख करत होते, आणि तेच जिवावर बेतले. दहशतवादविरोधी प्रशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कमांडो येतात. प्रत्यक्षात घटनास्थळी आधी असतो तो फलाटावरचा कर्मचारी. हे सत्य मुराकामी न बोलता दाखवून देतात.

पुस्तक कमी पडते ते ‘असे का झाले?’ या प्रश्नापाशी. सारिन द्रव असले तरी त्याची सहज वाफ होते आणि ही वाफ हवेपेक्षा जड असते. शरीरात ते ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराचे काम बंद पाडते. मग बाहुल्या आकसतात, स्नायू ताब्यात राहत नाहीत, श्वास अडतो. रुग्णाच्या कपड्यांत मुरलेले विषही वाफेच्या रूपाने बाहेर पडत राहते. म्हणून मदतीला गेलेल्या १३६४ जवानांपैकी १३५ जणांना बाधा झाली. सेंट ल्यूक रुग्णालयात पहिल्या दिवशी ६४० रुग्ण आले. बहुतेक जण पायी, टॅक्सीने किंवा मोटारीने. तेथील सुमारे २३ टक्के कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. दारातच कपडे उतरवून अंग धुण्याची आणि खेळत्या हवेची सोय असती, तर यातील बराच त्रास टळता. हा धडा मुलाखतींतून आपोआप हाती लागत नाही. अग्निशमन दलाचा आवाजही पुस्तकात फारसा ऐकू येत नाही. शिवाय इंग्रजी आवृत्तीत मूळ मुलाखती सगळ्या नाहीत.

तरीही एक मुद्दा मुराकामी नेमका पकडतात. जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात याच पंथाने सारिन सोडले होते. उपचारांचा अनुभव तेथील डॉक्टरांपाशी होता, पण तो देशभर पोहोचवणारी यंत्रणा नव्हती. तोक्योत आधी वेगळ्याच रसायनाचे नाव सांगितले गेले. तेव्हा मात्सुमोतोच्या एका डॉक्टरने बातम्यांतील लक्षणे ओळखून आपण होऊन तोक्योच्या रुग्णालयांना कळवले. अ‍ॅट्रोपीन आणि प्राल‍िडॉक्सिम ही औषधे ठाऊक होती. अडले होते ते विषाचे नाव कळण्यावाचून.

आमच्या मते, पुस्तक वाचनीय आहे, पण प्रशिक्षणाचे पाठ्यपुस्तक म्हणून अपुरे आहे. शिक्षकांनी ते रसायनशास्त्राच्या जोडीने वाचावे. अनोळखी द्रवाला हात लावू नका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, उंच व मोकळ्या जागी जा, आधी कपडे बदला: एवढे ज्ञान गणवेशधाऱ्यांपुरते राखून ठेवण्याचे काहीच कारण नाही.